कर्नेल अपग्रेडनंतर ड्रायव्हर बंद पडला? दुरुस्ती या क्रमाने करा

"सर, रात्री अपडेट टाकलं, सकाळपासून वायफायचं चिन्हच दिसंना झालंय बघा." असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "त्यानंतर काय काय केलंत?" मग यादी सुरू होते. ड्रायव्हर काढला, कुठल्या तरी व्हिडिओत बघून दुसरा टाकला, एक ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला (म्हणजे तो लोडच होऊ नये असं लिहून ठेवलं), शेवटी बायोसमध्ये जाऊन काहीतरी बंद केलं. मूळ बिघाड दहा मिनिटांचा असतो. त्यावर केलेले उपचार निस्तरण्यात दुपार जाते.

हा लेख उबंटू आणि मिंट हे लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. माझा आग्रह एकच: नव्या कर्नेलची दुरुस्ती जुन्या कर्नेलवर बसून करा. तिथे नेट चालतं, स्क्रीन दिसते आणि चूक झाली तरी परतायला जागा असते.

आधी एवढंच लक्षात घ्या. मॉड्यूल म्हणजे कर्नेलला जोडला जाणारा तुकडा, ड्रायव्हर बहुधा याच रूपात असतो. प्रत्येक कर्नेलचं मॉड्यूलांचं फोल्डर स्वतंत्र असतं, '/लिब/मॉड्यूल्स' या ठिकाणी, त्या कर्नेलच्या आवृत्तीच्या नावाने. कर्नेलच्या पॅकेजबरोबर येणारी मॉड्यूल नव्या फोल्डरमध्ये आपोआप येतात. तुम्ही बाहेरून टाकलेली, म्हणजे स्वस्तातल्या यूएसबी वायफायची, एनव्हिडियाची, व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल आपोआप येत नाहीत. ती नव्या कर्नेलसाठी नव्याने बांधावी लागतात. कर्नेलच्या आतली रचना आवृत्तीगणिक बदलते आणि ती जशीच्या तशी राहील अशी हमी कर्नेलवाले देत नाहीत. म्हणून कालचं मॉड्यूल आजच्या कर्नेलला चालत नाही.

कमांडबद्दल: मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाईप करायच्या. 'युनेम -आर' म्हणजे यू, एन, ए, एम, ई, मग स्पेस, मग डॅश आणि आर. दोन डॅश लिहिले असतील तिथे मध्ये स्पेस न सोडता दोन डॅश. 'नवी-आवृत्ती' असं जिथे लिहिलंय तिथे तुमच्या नव्या कर्नेलचं पूर्ण नाव टाकायचं, उदाहरणार्थ ६.८.०-४५-जेनेरिक.

## १. अपग्रेडच्या आधीची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात. मीही गाळायचो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मिंटचं एक मशीन होतं. राउटर पुढच्या खोलीत, मशीन गोडाऊनच्या कडेला, म्हणून यूएसबी वायफाय लावलेलं. त्याचा ड्रायव्हर मीच वर्षापूर्वी सोर्समधून 'मेक इन्स्टॉल' करून बसवला होता आणि विसरून गेलो होतो. कर्नेल अपग्रेड केला, रिस्टार्ट केलं, वायफाय गेलं. ड्रायव्हर पुन्हा बांधायला हेडर पॅकेज (बांधणीला लागणाऱ्या कर्नेलच्या फायली) हवं, ते उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा. मालकांचा मुलगा शेजारी उभा राहून वडिलांना फोनवर तेलुगूत काहीतरी सांगत होता. भाषा कळत नसली तरी सूर कळत होता. शेवटी त्याच्याच मोबाईलच्या यूएसबी टेदरिंगवर काम भागलं. तेव्हापासून खालची तयारी झाल्याशिवाय मी अपडेटच्या बटणाला हात लावत नाही.

चालू स्थितीची नोंद. सगळं नीट चालू असताना या चार कमांड द्या आणि त्यांचं उत्तर एका फाईलमध्ये ठेवा. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर आणखी चांगलं, कारण मशीन सुरूच झालं नाही तर त्यातली फाईल उघडणार कशी?

युनेम -आर
एलएसमॉड
एलएसपीसीआय -एनएनके
डीकेएमएस स्टेटस

पहिली चालू कर्नेल सांगते, दुसरी लोड झालेली मॉड्यूल. तिसरीत प्रत्येक कार्डाखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. वायफाय आणि डिस्प्लेच्या कार्डाखाली तिथे कोणतं नाव आहे ते टिपून ठेवा. यूएसबी वायफाय या यादीत दिसत नाही. त्यासाठी 'एलएसयूएसबी -टी' द्या. चौथ्या कमांडमध्ये बाहेरून टाकलेली कोणती मॉड्यूल डीकेएमएसच्या (प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधून देणाऱ्या सोयीच्या) ताब्यात आहेत ते दिसतं. तुम्ही बाहेरून ड्रायव्हर टाकला आहे आणि तो या यादीत नाही, तर अपग्रेडनंतर तो जाणार हे धरूनच चाला.

बूटची जागा. 'डीएफ -एच /बूट' देऊन बघा. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल (डिस्क एन्क्रिप्ट करून उबंटू टाकलेल्या मशिनवर असतंच) तर तिथे निदान ३००-४०० एमबी मोकळे हवेत.

हेडर आणि कंपायलर (सोर्सवरून मॉड्यूल बांधणारा प्रोग्राम). 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' आणि 'बिल्ड-इसेन्शियल' ही दोन पॅकेज आधीच टाकून ठेवा. उबंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी मिळणारा पुढचा) कर्नेल वापरत असाल तर हेडरचं पॅकेजही एचडब्ल्यूईवालंच हवं: 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४'. ही जोडी जुळत नसेल तर कर्नेल पुढे जातो आणि हेडर मागे राहतात.

ग्रबचा मेनू, म्हणजे सुरू होताना कोणता कर्नेल घ्यायचा ते विचारणारी यादी. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाईलमध्ये 'ग्रब_टाइमआउट_स्टाईल' पुढे 'मेनू' आणि 'ग्रब_टाइमआउट' पुढे ५ लिहा (ही दोन्ही नावं फाईलमध्ये कॅपिटल अक्षरांत असतात). मग 'सुडो अपडेट-ग्रब' द्या. सुरू होताना पाच सेकंद जास्त जातील. जुन्या कर्नेलवर परतायची वेळ येईल तेव्हा ते पाच सेकंद वसूल होतात.

दुसरं नेट. लॅनची केबल, नाहीतर डेटा जाणारी मोबाईलची केबल हाताशी ठेवा. नुसती चार्जिंगची केबल टेदरिंगला चालत नाही.

वेळ. मे महिन्याच्या दुपारी, लाईट कधी जाईल याचा भरवसा नसताना, यूपीएस नसलेल्या मशिनवर कर्नेल अपग्रेड सुरू करू नका. छपाईची कामं करणाऱ्यांनी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात तर नाहीच. आणि घरच्या मशीनवर नळाला पाणी यायच्या दिवशी बसू नका. मध्येच उठावं लागतं आणि परत आल्यावर आपण कितव्या पायरीवर होतो ते आठवत नाही.

सावधान: एनीडेस्कवरून (लांबून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरवरून) दुसऱ्याच्या मशिनचा कर्नेल अपग्रेड करताना पलीकडे स्क्रीनसमोर माणूस बसलेला हवा. ग्रबचा मेनू आणि सिक्युअर बूटची (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणाऱ्या सोयीची) निळी स्क्रीन या दोन्ही गोष्टी लिनक्स सुरू होण्याआधीच्या आहेत. त्या एनीडेस्कवर दिसत नाहीत. बार्शीच्या एका मशिनसाठी मला हे एसटीत बसून शिकावं लागलं.

## २. दुखणं मॉड्यूलचंच आहे का ते बघा

अपग्रेड झालं, रिस्टार्ट झालं आणि काहीतरी चालत नाही. काहीही टाकण्याआधी 'युनेम -आर' द्या. जुनीच आवृत्ती दिसली तर तुम्ही अजून नव्या कर्नेलवर गेलेलाच नाही. एक तर रिस्टार्ट राहिलंय, नाहीतर बिघाडाचं कारण दुसरं आहे.

मग 'एलएसपीसीआय -एनएनके' (यूएसबी वायफाय असेल तर 'एलएसयूएसबी -टी') पुन्हा देऊन आधीच्या फोटोशी ताडून बघा.

कार्ड दिसतंय पण 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळ गायब: मॉड्यूल लागलेलं नाही. पुढे वाचा.

कार्डच दिसत नाही: हा मॉड्यूलचा प्रश्न नाही. बायोसमधली सेटिंग, सैल झालेलं कार्ड किंवा खराब यूएसबी पोर्ट बघा.

ओळ दिसते, ड्रायव्हर तोच, तरी चालत नाही: 'आरएफकिल लिस्ट' देऊन बघा. लॅपटॉपवर वायफायचं बटण दाबलं गेलं की इथे 'ब्लॉक्ड: यस' दिसतं. मी एकदा यावर अर्धा तास घालवला आहे, म्हणून हे इतक्या वर लिहिलं.

## ३. जुन्या कर्नेलवर परता

मशीन रिस्टार्ट करा. मेनू आपोआप येत नसेल तर जुन्या बायोसच्या मशिनवर शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय (म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसच्या) मशिनवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा. ते जास्त वेळा दाबलं तर काळ्या स्क्रीनवर 'ग्रब' असा प्रॉम्प्ट येतो. त्याने काही बिघडत नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा आणि पुन्हा प्रयत्न करा.

'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा. नव्याच्या खालची, कालपर्यंत चालणारी आवृत्ती निवडा. तिच्या शेजारीच 'रिकव्हरी मोड' अशी ओळ असते, ती नको.

तपासणी: जुन्या कर्नेलवर सगळं सुरळीत चाललं तर बिघाड नव्या कर्नेलच्या मॉड्यूलचा आहे हे पक्कं. जुन्यावरही चाललं नाही तर कर्नेलला दोष देऊ नका. त्या अपडेटमध्ये इतर पॅकेजही आली असतील, किंवा मधल्या वेळात तुम्हीच काहीतरी बदललं असेल. केलेले बदल उलट क्रमाने काढा आणि मग परत इथे या.

आता इथेच बसायचं. पुढची सगळी कामं जुन्या कर्नेलवरून, नव्यासाठी करायची आहेत.

## ४. मशीन काय म्हणालं ते वाचा

नव्या कर्नेलवर गेलो होतो तेव्हाच्या नोंदी अजून शिल्लक असतात:

जर्नलसीटीएल -के -बी -१

'-बी -१' म्हणजे या आधीचं बूट. मध्ये दोनदा रिस्टार्ट झालं असेल तर -२ द्या. वरच्या ओळींत कर्नेलची आवृत्ती लिहिलेली असते, ती नवीच आहे ना हे बघून घ्या. त्याच्या जोडीला नव्या कर्नेलकडे हे मॉड्यूल आहे का, हेही इथूनच विचारता येतं:

मॉडइन्फो -के नवी-आवृत्ती मॉड्यूलचं-नाव

मॉड्यूलचं नाव पहिल्या टप्प्यातल्या फोटोत आहे. आता उत्तराप्रमाणे रस्ता धरा.

'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर नव्या फोल्डरमध्ये फाईलच नाही. बहुतेक वेळा हेच असतं. मॉड्यूल बाहेरचं असेल तर टप्पा ५. कर्नेलबरोबर येणारं असेल तर कोणीतरी नुसतं 'लिनक्स-इमेज' हाताने टाकलेलं असतं आणि 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-नवी-आवृत्ती' हे पॅकेज राहिलेलं असतं. ते टाका, काम झालं.

'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' किंवा 'एक्झेक फॉरमॅट एरर' आलं तर फाईल आहे, पण दुसऱ्या कर्नेलसाठी बांधलेली. मॉडइन्फोच्या उत्तरात 'व्हरमॅजिक' ही ओळ बघा. तिथली आवृत्ती आणि नव्या कर्नेलची आवृत्ती अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. हेही टप्पा ५.

'अननोन सिंबॉल' म्हणजे ते मॉड्यूल ज्या दुसऱ्या मॉड्यूलवर अवलंबून आहे ते सापडत नाही. आधी 'सुडो डेपमॉड -ए नवी-आवृत्ती' देऊन नव्यावर जाऊन बघा. नाही सुटलं तर टप्पा ५.

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' किंवा 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल': सिक्युअर बूट. थेट टप्पा ६.

'फर्मवेअर' या शब्दाबरोबर 'एरर -२' आलं तर मॉड्यूल ठीक आहे, त्याला लागणारी फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाईल मिळत नाही. 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज अपडेट करा.

सावधान: जुन्या फोल्डरमधली मॉड्यूलची फाईल उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकू नका, आणि 'मॉडप्रोब' ला (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडला) '-एफ' लावून जबरदस्ती करू नका. '-एफ' मुळे आवृत्तीची तपासणी बाजूला सारली जाते. लागलं तर लागलं, नाहीतर मशीन मध्येच गोठतं आणि त्या क्षणी लिहीत असलेली फाईल जाते.

## ५. हेडर आणि डीकेएमएस

क्रम असा: आधी हेडर, मग बांधणी, मग तपासणी. बहुतेक जण थेट बांधणीला हात घालतात आणि 'कर्नेल हेडर्स नॉट फाउंड' या ओळीवर अडकतात.

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-नवी-आवृत्ती
एलएस /लिब/मॉड्यूल्स/नवी-आवृत्ती/बिल्ड

दुसऱ्या कमांडला फायलींची यादी आली म्हणजे हेडर जागेवर आहेत. इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचनांमध्ये हेडरच्या नावापुढे 'युनेम -आर' चं उत्तर आपोआप जोडणारी कमांड असते. आपण आत्ता जुन्या कर्नेलवर आहोत. ती कमांड जशीच्या तशी चिकटवली तर जुन्याचे हेडर येतील आणि नव्याचं दुखणं तसंच राहील. नाव हातानेच लिहा.

आता बांधणी:

सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के नवी-आवृत्ती
डीकेएमएस स्टेटस

तपासणी: स्टेटसमध्ये तुमच्या मॉड्यूलच्या नावाबरोबर नवी आवृत्ती आणि पुढे 'इन्स्टॉल्ड' हा शब्द हवा. 'ॲडेड' म्हणजे सोर्सची नुसती नोंद झाली, 'बिल्ट' म्हणजे बांधलं पण बसवलं नाही. नव्या आवृत्तीची ओळ नसेल तर खालीलपैकी एक.

बांधणी फसली. '/व्हार/लिब/डीकेएमएस' मध्ये मॉड्यूलच्या नावाच्या फोल्डरात, आवृत्तीच्या आत 'बिल्ड' मध्ये 'मेक.लॉग' ही फाईल असते. ती वरून खाली वाचा आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. मला व्हॉट्सॲपवर येतात ते सगळे फोटो फाईलच्या तळाचे असतात. तिथे कायम 'एरर २' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. खरं कारण वर असतं.

त्या पहिल्या ओळीत 'जीसीसी-१२ नॉट फाउंड' असं काही असेल तर गोष्ट सोपी आहे. कर्नेल ज्या कंपायलरने बांधला त्याच आवृत्तीचा कंपायलर मॉड्यूलला हवा असतो. २०२४ च्या सुरुवातीला उबंटू २२.०४ वाल्यांना एचडब्ल्यूईचा ६.५ कर्नेल मिळाला तेव्हा अनेकांचं इथेच अडलं. तो कर्नेल जीसीसी १२ ने बांधलेला, मशिनवर मात्र जीसीसी ११. 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२' दिलं की तीच बांधणी बिनबोभाट होते.

त्या ओळीत फंक्शनची नावं, 'इम्प्लिसिट डिक्लरेशन', 'टू फ्यू आर्ग्युमेंट्स' असलं काही दिसलं तर ड्रायव्हरचा सोर्स नव्या कर्नेलच्या मानाने जुना झालाय. आपण कितीही वेळा बांधला तरी तो बांधला जाणार नाही. त्याच ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधा. त्याआधी एक बघा: तुमच्या चिपचा ड्रायव्हर आता कर्नेलमध्येच आला आहे का? रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू या यूएसबी चिप घ्या. कर्नेल ६.२ पासून त्यांच्यासाठी 'आरटीडब्ल्यू८८' कर्नेलच्या आतच आहे. बाहेरच्या ड्रायव्हरमागे धावणारे लोक त्याला ब्लॅकलिस्ट करून बसलेले असतात. बाहेरचा काढा, ब्लॅकलिस्ट काढा, आतला वापरून बघा. वेग थोडा कमी मिळाला तरी पुढच्या अपग्रेडला झोप लागते.

एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या नोंदलेल्या आहेत. जुनी काढा: 'सुडो डीकेएमएस रिमूव्ह नाव/आवृत्ती --ऑल'. स्टेटसमध्ये दिसतं तसंच नाव आणि आवृत्ती लिहा.

मॉड्यूल डीकेएमएसमध्येच नाही. म्हणजे माझी टॉवेल कारखान्यातली चूक. 'मेक इन्स्टॉल' केलेलं मॉड्यूल फक्त त्या दिवशीच्या कर्नेलच्या फोल्डरमध्ये जातं. सोर्सच्या फोल्डरमध्ये 'डीकेएमएस.कॉन्फ' ही फाईल असेल तर त्याच फोल्डरमध्ये उभं राहून 'सुडो डीकेएमएस ॲड .' (शेवटी स्पेस आणि टिंब) द्या आणि वरची ऑटोइन्स्टॉलची कमांड पुन्हा चालवा. ती फाईल नसलेला सोर्स मी आता गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकतच नाही. त्यापेक्षा थेट चालणारं वायफाय घ्यायला सांगतो. पाच-सहाशे रुपयांच्या वस्तूसाठी दर दोन महिन्यांनी मजुरी द्यायची, हा हिशोब कुठल्याच दुकानदाराला पटत नाही.

## ६. सिक्युअर बूटची निळी स्क्रीन

मॉड्यूल बांधलंय, स्टेटस 'इन्स्टॉल्ड', तरी 'की वॉज रिजेक्टेड'. आधी स्थिती बघा:

मोकयुटिल --एसबी-स्टेट

'एनेबल्ड' आलं तर कर्नेल फक्त सही असलेलंच मॉड्यूल आत घेतो. बाहेरच्या मॉड्यूलवर डीकेएमएस तुमच्याच मशिनवर तयार झालेल्या किल्लीने सही करतो. ती किल्ली मशिनमध्ये नोंदवावी लागते आणि ते काम लिनक्सच्या बाहेर, निळ्या स्क्रीनवर होतं.

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डेर

फाईलच्या नावातली 'एमओके' ही तीन अक्षरं कॅपिटल, 'डीईआर' लहान. फोल्डरच्या नावात मात्र सगळं लहान. पासवर्ड विचारला जाईल. हा तात्पुरता असतो आणि एकदाच लागतो. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण त्या स्क्रीनवर कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते आणि चिन्हं भलतीच उमटू शकतात. कागदावर लिहून ठेवा.

रिस्टार्ट करा. निळ्या स्क्रीनवर 'प्रेस एनी की' असं येतं आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. लोक चुकतात ते नेमके इथे. काहीतरी बिघडलंय असं वाटून हात मागे घेतात, किंवा तेवढ्यात चहा आणायला जातात. दहा सेकंद गेले की स्क्रीन जाते आणि विनंती रद्द होते. म्हणून समोर बसा, कुठलीही की दाबा आणि क्रमाने: 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'यस', पासवर्ड, 'रिबूट'. पहिल्याच पर्यायावर 'कंटिन्यू बूट' असतं, घाईत ते दाबू नका. चुकलं तर इम्पोर्टची कमांड पुन्हा द्यायची, बाकी काही नाही.

"पण मागच्या वर्षी हे केलं होतं की!" असं म्हणणारे भेटतात. तेही खरं असतं. मध्ये बायोस अपडेट किंवा रिसेट झालं असेल तर नोंदवलेली किल्ली पुसली जाऊ शकते.

सिक्युअर बूटच बंद करून टाका, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मॉड्यूल चालतं, हे खरंय. मी घरच्या जुन्या मशिनवर एखादवेळी करतोही. पण त्याच मशिनवर विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती हातात असल्याशिवाय बायोसला हात लावू नका.

## ७. मशीन सुरूच होत नाही

'अनेबल टू माउंट रूट एफएस' आणि शेवटी 'अननोन-ब्लॉक(०,०)' असं लिहून स्क्रीन थांबली, तर नव्या कर्नेलची इनिटरॅमएफएस फाईल नाही किंवा अर्धवट आहे. हार्डडिस्क ओळखायला लागणारी मॉड्यूल त्या फाईलमध्ये असतात. जुन्या कर्नेलवर या आणि 'डीएफ -एच /बूट' द्या. शंभर टक्के भरलेलं दिसलं तर कारण सापडलं.

सर्वांत जुनी कर्नेल 'सुडो एपीटी पर्ज लिनक्स-इमेज-जुनी-आवृत्ती' अशी काढा. एंटर मारण्याआधी 'युनेम -आर' चं उत्तर शेजारी ठेवून ताडून बघा. ज्या फांदीवर बसलोय ती तोडायची नाही. बूटमधल्या फायली हाताने डिलीट करू नका, पॅकेजचा हिशोब बिघडतो. मग:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के नवी-आवृत्ती
सुडो अपडेट-ग्रब

तपासणी: 'एलएस -एलएच /बूट' मध्ये नव्या आवृत्तीची 'इनिटआरडी' फाईल दिसली पाहिजे आणि तिचा आकार जुनीच्या जवळपास हवा. एकदम निम्मा असेल तर ती अर्धवट आहे.

## ८. स्क्रीन काळी, मशीन चालू

पंख्याचा आवाज येतो, डिस्क चालते, पण चित्र नाही, आणि कार्ड एनव्हिडियाचं. जुन्या कर्नेलवर या, टप्पा ५ आणि ६ करा. नव्वद टक्के प्रकरण तिथेच संपतं. ड्रायव्हर 'उबंटू-ड्रायव्हर्स' किंवा मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरून '.रन' फाईल उतरवून टाकलेली असेल तर ती आधी तिच्याच 'अनइन्स्टॉल' पर्यायाने काढा. दोन्ही एकत्र राहिले की मग कोणाचं मॉड्यूल कोणाला अडवतंय हे शोधत बसावं लागतं.

जुन्या कार्डांचं मात्र वेगळं आहे. एनव्हिडियाने ३४० मालिकेचा ड्रायव्हर २०१९ अखेर आणि ३९० चा २०२२ अखेर सोडून दिला. तुमचं कार्ड त्यातलं असेल तर नव्या कर्नेलवर नूव्हो हा खुला ड्रायव्हर वापरा. ऑफिसच्या कामाला पुरतो.

## ९. थांबायचं ठरवलं तर

सगळं करून पाहिलं आणि ड्रायव्हरची नवी आवृत्तीच आलेली नसेल तर जुन्या कर्नेलवर राहण्यात कमीपणा नाही. पण ते ठरवून करा:

सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-जेनेरिक लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

एचडब्ल्यूई असेल तर नावं त्याप्रमाणे. होल्ड लावल्यापासून कर्नेलच्या सुरक्षा दुरुस्त्याही येणं थांबतं, म्हणून मोबाईलमध्ये महिन्याभराची आठवण लावा. 'होल्ड' च्या जागी 'अनहोल्ड' लिहिलं की बंधन उठतं. तीन वर्षांपूर्वीचं होल्ड लावलेलं मशीन माझ्याकडे आलं आहे, आणि ते कोणी लावलं हे मालकांनाही आठवत नव्हतं.

## १०. शेवटची तपासणी

दुरुस्तीनंतर नव्या कर्नेलवर जाताना नुसतं रिस्टार्ट नको. मशीन पूर्ण बंद करा, डेस्कटॉप असेल तर पाठीमागचा स्विचही, यूएसबी वायफाय काढून परत लावा, अर्ध्या मिनिटाने सुरू करा. काही वायफाय चिप गरम रिस्टार्टनंतर चालल्यासारख्या वाटतात आणि सकाळी दुकान उघडल्यावर दगा देतात.

मग 'युनेम -आर', 'डीकेएमएस स्टेटस' आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' देऊन पहिल्या टप्प्यातल्या फोटोशी शेवटचं ताडून घ्या. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडा आणि वायफाय परत येतं का बघा. एक पान प्रिंट काढा, आवाज वाजवून बघा.

'ऑटोरिमूव्ह' आजच चालवू नका. चार-पाच दिवस रोजच्या कामात मशीन नीट चाललं की मग चालवा. तोवर जुना कर्नेल मेनूत असू द्या.